जी गोळी राष्ट्राध्यक्षांना मिळाली नाही

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एक निवृत्त गुरुजी पत्नीला दाखविण्यासाठी दवाखान्यात आले होते. काकूंची तपासणी झाल्यावर मी सहज म्हणालो, "गुरुजी, आलाच आहात तर तुमचंही बीपी बघू." पट्टा बांधला. रक्तदाब १८०/११० भरला. पुन्हा मोजला, तरी तेवढाच. गुरुजी हसले. म्हणाले, "डॉक्टर, तुमचं यंत्र बिघडलंय. मला काहीसुद्धा होत नाही. रोज पहाटे तीन किलोमीटर चालतो मी."

दोन दिवसांनी पुन्हा मोजून, लघवी-रक्ताच्या तपासण्या करून गोळी सुरू केली. महिन्याने रक्तदाब १३६/८४ वर आला. गुरुजी खूश झाले, मीही झालो. त्यानंतर आठ महिने गुरुजी फिरकले नाहीत. नवव्या महिन्यात त्यांच्या मुलाने त्यांना भल्या सकाळी रिक्षातून आणले, तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला होता आणि जन्मभर वर्ग दणाणून सोडणाऱ्या त्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. काकू रडत सांगत होत्या, "बीपी नॉर्मल आलंय, आता गोळी कशाला, असं म्हणून त्यांनीच बंद केली हो!" घरच्या कपाटात अर्धी संपलेली गोळ्यांची पट्टी तशीच पडून होती.

वाचकहो, असे गुरुजी प्रत्येक गावात आहेत. म्हणूनच आज या सदरात रक्तदाबाच्या गोळीची जन्मकथा सांगणार आहे. ही गोळी कशी आली आणि ती नव्हती तेव्हा काय होत होते, हे एकदा समजले की ती मध्येच सोडण्याचे धाडस सहसा कोणी करणार नाही.

गोळी नव्हती तेव्हा

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जगातील सर्वांत बलाढ्य पुढाऱ्यांपैकी एक होते. उत्तम डॉक्टर, उत्तम रुग्णालये, सारे काही त्यांच्या दिमतीला होते. परंतु त्यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे वाढत होता. १९४४ च्या मार्चमध्ये हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासले तेव्हा तो १८६/१०८ होता. पुढच्या वर्षी याल्टा परिषदेच्या सुमारास तो २६०/१५० पर्यंत गेला होता. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे एक चित्रकर्ती त्यांचे चित्र काढीत असताना त्यांचे डोके भयंकर दुखू लागले आणि ते खुर्चीतच कोसळले. त्या वेळी रक्तदाब ३००/१९० होता. मेंदूत रक्तस्राव होऊन काही तासांतच त्यांचे निधन झाले. वय होते ६३.

डॉक्टरांनी हयगय केली असे मात्र नाही. ब्रुएन यांनी मीठ कमी केले, विश्रांती सांगितली, हृदयासाठी डिजिटॅलिस दिले. पण रक्तदाब खाली आणणारे खात्रीचे औषध त्यांच्या हाती नव्हते. त्या काळी कित्येक नामवंत डॉक्टरांना असे वाटे की, वय वाढले की रक्तवाहिन्या कडक होतात, त्यातून रक्त पुढे ढकलायचे तर दाब वाढायलाच हवा. तेव्हा तो उतरवायच्या फंदात न पडलेलेच बरे! ज्यांना उतरवायचा असे, त्यांच्यासाठी मुख्य वाटा दोन होत्या. एक म्हणजे पाठीतील मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया. दुसरी, अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील डॉ. वॉल्टर केम्पनर यांचे पथ्य. त्यात महिनोन्‌महिने केवळ बिनमिठाचा भात, फळे आणि साखर! भात आपल्या रोजच्या जेवणातला खरा, पण आमटी, लोणचे, पापड सारे वर्ज्य करून नुसता अळणी भात महिनाभर खाऊन पाहा, म्हणजे या पथ्याची कल्पना येईल.

मुंबईच्या डॉक्टरांची कामगिरी

ही कोंडी फोडण्यात मुंबईच्या एका डॉक्टरांचा मोठा वाटा आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे शतकानुशतके वापरात आहे. तिची मुळी साप चावल्यावर, झोप येण्यासाठी, तसेच वेडाच्या झटक्यात देत असत. १९३१ मध्ये दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. दिल्लीत सलीमुझ्झमाँ सिद्दिकी यांनी या मुळीतील रासायनिक द्रव्ये वेगळी करून दाखवली, आणि कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की ही मुळी मन शांत करते, त्याचबरोबर रक्तदाबही उतरवते.

पण एका वैद्याचा किंवा डॉक्टरांचा अनुभव आणि शास्त्रीय पुरावा यांत अंतर असते. ते अंतर कापले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात काम करणाऱ्या या हृदयरोगतज्ज्ञांनी कित्येक वर्षे रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या देऊन काटेकोर नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या मासिकात ५० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रूझवेल्ट यांच्या मृत्यूला तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती. तो लेख वाचून अमेरिकेत बॉस्टन येथील डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी आपल्या रुग्णांवर हे औषध वापरून पाहिले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी मुळीतील मुख्य गुणकारी द्रव्य शुद्ध स्वरूपात काढले. त्याचे नाव रिसरपिन. काही वर्षांतच ते जगभर पोहोचले. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील मानाचे लास्कर पारितोषिक मिळाले, तर १९५८ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला.

या कथेला दुसरी बाजूही आहे आणि ती सांगणे माझे कर्तव्य आहे. रिसरपिन अधिक मात्रेत घेणाऱ्या काही रुग्णांना कमालीची उदासी येऊ लागली. नाक चोंदणे, सुस्ती या तक्रारी तर नेहमीच्याच. पुढे अधिक सोयीची औषधे आली आणि रिसरपिन मागे पडले. "झाडपाल्याचं औषध आहे, त्याचा अपाय होत नाही," असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ज्याचा गुण येतो त्याचा अवगुणही येऊ शकतो, मग ते मुळीतून येवो की कारखान्यातून. आजही सर्पगंधेच्या पुड्या कोणाच्या सांगण्यावरून परस्पर घेऊ नयेत.

पंप, पाणी, पाइप आणि हुकूम

आज दुकानात रक्तदाबाच्या गोळ्यांची इतकी नावे असतात की माणूस गोंधळून जातो. पण शेतातील मोटर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे सारे सोपे होईल. पाइपातील दाब कमी करायचा तर काय काय करता येईल? पाणी कमी सोडावे, पंप जरा हळू चालवावा, पाइप रुंद करावा, किंवा पाइप आवळण्याचा हुकूम जेथून सुटतो तो हुकूमच अडवावा. आपल्या गोळ्यांचे मुख्य प्रकारही असेच आहेत.

पाणी कमी करणारी गोळी : सल्फा औषधे घेणाऱ्या रुग्णांना लघवी जास्त होते, हे डॉक्टरांच्या ध्यानात आले होते. त्या धाग्यावरून अमेरिकेतील मर्क कंपनीत कार्ल बायर आणि सहकाऱ्यांनी क्लोरोथायझाइड तयार केले. १९५८ मध्ये ते बाजारात आले. या औषधाने जादा मीठ आणि पाणी लघवीवाटे निघून जाते. केम्पनर यांचा अळणी भात जे काम करीत होता, त्यातले बरेचसे काम एक छोटी गोळी करू लागली. हायड्रोक्लोरोथायझाइड आणि क्लोरथॅलिडोन या आजच्या गोळ्या याच गोत्रातील आहेत. त्यांच्यामुळे काहींच्या रक्तातील सोडियम-पोटॅशियम कमी होते, म्हणून डॉक्टर अधूनमधून रक्त तपासायला सांगतात. तो टाळाटाळ करण्याचा विषय नव्हे.

पंप सावकाश चालविणारी गोळी : ब्रिटनमधील शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक हे हृदयशूळ म्हणजे अंजायनावर औषध शोधत होते. हृदयाला प्राणवायू जास्त पुरविण्याऐवजी हृदयाची प्राणवायूची मागणीच कमी करावी, असा त्यांचा विचार. त्यातून १९६४ मध्ये प्रोप्रानोलॉल आले. त्याने रक्तदाबही उतरतो हे मागाहून ध्यानात आले. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अॅटिनोलॉल, मेटोप्रोलॉल अशी 'लॉल'ने संपणारी नावे याच घराण्यातील. दमा असणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी तसे सांगितले पाहिजे. आणि ही गोळी कधीही एकाएकी बंद करू नये. तसे केल्यास हृदय धडधडू लागते, छातीत दुखू लागते, क्वचित हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो.

पाइप रुंद करणारी गोळी : रक्तवाहिनीच्या भिंतीतील स्नायू आवळण्यासाठी कॅल्शियम लागते. ते आत शिरू दिले नाही तर स्नायू सैल पडतो आणि वाहिनी रुंदावते. जर्मनीचे अल्ब्रेख्त फ्लेकेनस्टाइन यांनी १९६० च्या दशकात ही गोष्ट उलगडली. निफेडिपिन आणि ॲम्लोडिपिन ही या गटातील औषधे. ॲम्लोडिपिन दिवसातून एकदाच घ्यावे लागते, स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यांतही दिले जाते. काहींच्या घोट्यांवर सूज येते. ती आली म्हणजे मूत्रपिंड बिघडले असे नव्हे. डॉक्टरांना सांगावे, मात्रा किंवा गोळी बदलता येते.

हुकूम अडविणारी गोळी : ही कथा थेट ब्राझीलच्या जंगलातून येते. तेथे जराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावला की माणसाचा रक्तदाब झपाट्याने उतरतो. ब्राझीलचे सर्जियो फेरेरा यांनी १९६० च्या दशकात या विषातील द्रव्याचा अभ्यास केला आणि ते घेऊन ते लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. आपल्या शरीरात रक्तवाहिन्या आवळण्याचा हुकूम देणारे अँजिओटेन्सिन नावाचे रसायन तयार होते. विषातील ते द्रव्य या रसायनाची निर्मितीच अडवते, असे दिसून आले. पण ते तोंडावाटे घेऊन उपयोग नव्हता. १९७५ मध्ये अमेरिकेतील स्क्विब कंपनीच्या डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओन्डेटी यांनी त्याच तत्त्वावर पोटात घेता येईल असे औषध तयार केले. ते कॅप्टोप्रिल. १९८१ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. एनालाप्रिल, रॅमिप्रिल हे त्याचे भाऊबंद. या गोळ्यांनी काही रुग्णांना कोरडा खोकला लागतो. महिनोन्‌महिने खोकल्याची औषधे पिणाऱ्या रुग्णाचा खोकला निव्वळ रक्तदाबाची गोळी बदलल्यावर थांबल्याचे मी पाहिले आहे. अशांसाठी लोसार्टन, टेल्मिसार्टन ही 'सार्टन' मंडळी आहेत. त्यांनी खोकला सहसा होत नाही. मात्र 'प्रिल' आणि 'सार्टन' या दोन्ही जाती गरोदरपणात चालत नाहीत, गर्भाला अपाय होतो. दिवस राहण्याचा विचार असलेल्या भगिनींनी डॉक्टरांना आधीच कल्पना द्यावी. त्यांच्यासाठी वेगळ्या गोळ्या आहेत.

पण गोळी घेऊन फायदा होतो का?

प्रश्न रास्त आहे. आकडा खाली आला म्हणजे माणूस वाचला, असे थोडेच आहे? हीच शंका १९६० च्या दशकात मोठमोठ्या डॉक्टरांनाही होती. तिचे उत्तर अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी दिले. डॉ. एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली १४३ पुरुष रुग्ण निवडण्यात आले. त्या सर्वांचा खालचा आकडा ११५ ते १२९ होता. ७३ जणांना खऱ्या गोळ्या दिल्या, ७० जणांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. खऱ्या गोळ्यांत आपल्या सर्पगंधेचे रिसरपिनही होते.

१९६७ मध्ये निकाल जाहीर झाला. औषध नसलेल्या गटात २७ जणांना पक्षाघात, हृदय निकामी होणे अशा गंभीर व्याधी जडल्या आणि ४ जण दगावले. औषध घेणाऱ्यांत गंभीर त्रास झालेले अवघे २, आणि मृत्यू एकही नाही. फरक इतका उघड होता की अभ्यास लवकर थांबवावा लागला. पुढे १९७० मध्ये खालचा आकडा ९० ते ११४ असलेल्या ३८० रुग्णांचा निकाल आला. त्यात औषध नसलेल्या गटात २० जणांना पक्षाघात झाला, औषध घेणाऱ्यांत ५ जणांना.

या अभ्यासातील बहुतेकांना सुरुवातीला, आमच्या गुरुजींप्रमाणेच, फारसा त्रास होत नव्हता. रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. तो वर्षानुवर्षे मुकाट्याने मेंदूच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या आणि डोळ्यांच्या नाजूक वाहिन्या झिजवत राहतो आणि एके दिवशी सगळी थकबाकी एकदम वसूल करतो. तेव्हा 'बरे वाटते' ही गोळी बंद करण्याची खूण नव्हे. बरे तर गोळी सुरू करण्यापूर्वीही वाटत होते!

नेहमीच्या शंका

"गोळीची सवय लागते का?" नाही. चष्मा लावला की नीट दिसते, काढला की पुन्हा अंधुक. त्याला आपण चष्म्याचे व्यसन म्हणत नाही. गोळीचेही तसेच आहे. रक्तदाब नॉर्मल दिसतो तो गोळी चालू आहे म्हणून. वजन उतरले, मीठ कमी झाले, तर काहींची मात्रा कमी करता येते. पण तो निर्णय मोजमाप बघून डॉक्टरांनी घ्यायचा.

"गोळ्यांनी किडनी खराब होते ना?" हा समज उलटा आहे. आटोक्यात नसलेला रक्तदाब हे मूत्रपिंड निकामी होण्याचे एक मोठे कारण आहे. नीट देखरेखीखाली घेतलेली गोळी त्यांना वाचवते.

"शेजाऱ्याची गोळी मला चालेल का?" चालणार नाही. वर पाहिल्याप्रमाणे प्रत्येक गोळीचे काम वेगळे. शेजाऱ्याला मानवलेली गोळी तुमचा दमा वाढवू शकते.

"बीपी एकदम वाढले तर कॅप्सूल फोडून जिभेखाली धरावी का?" निफेडिपिनच्या कॅप्सूलची ही पद्धत एके काळी फार बोकाळली होती. तिच्यामुळे दाब एकदम कोसळून मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून ती सोडून देण्यात आली. घरी हा उपाय करू नये.

एवढे लक्षात ठेवा

१. तिशी उलटली की वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्या. घरात कोणाला रक्तदाब किंवा पक्षाघात असेल तर अधिक दक्ष राहा.

२. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसा. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, विडी घेतलेली नसावी. लघवी तुंबलेली नसावी. हात हृदयाच्या पातळीवर टेकवून ठेवा. एकाच मोजणीवरून घाबरू नका. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला तर डॉक्टरांचा सल्ला घ्या.

३. गोळी रोज ठरावीक वेळी घ्या. एखाद्या दिवशी विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

४. दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅमहून कमी मीठ, म्हणजे चहाचा एक चमचाही भरणार नाही एवढेच. लोणचे, पापड, फरसाण, खारी, सुकी मासळी यांतील मीठही यात धरा.

५. गुडघेदुखी, कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नका. त्यांनी रक्तदाब वाढतो आणि रक्तदाबाच्या गोळीचा असर कमी होतो.

६. पट्टी संपण्याच्या चार दिवस आधी नवी आणा. लग्नाला, यात्रेला जाताना कपड्यांआधी गोळ्या पिशवीत टाका.

७. तोंड वाकडे होणे, हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही एकाएकी झाले तर घरगुती उपाय, मालिश, अंगारे-धुपारे यांत वेळ न दवडता रुग्णाला तडक मोठ्या रुग्णालयात न्या. पहिले काही तास मोलाचे असतात.

पंचवीस पावले

गुरुजी वाचले. सहा-सात महिन्यांच्या व्यायामाने काठी टेकत चालू लागले. बोलणे अजून जड येते, उजव्या हाताने लिहिता येत नाही, सही डाव्या हाताने करतात. पण दर महिन्याला दवाखान्यात येतात. रिक्षातून उतरून आतल्या बाकापर्यंत पंचवीस पावले आहेत, ती कोणाचा हात न धरता चालतात. बाकावर बसलेला कोणी "बरं वाटतंय, आता गोळ्या बंद करतो म्हणतोय" असे बोलला की गुरुजी काहीच बोलत नाहीत. डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून त्याच्यापुढे धरतात आणि सोडून देतात. तो हात मांडीवर आदळतो.

माझ्या अर्ध्या तासाच्या समजावणीने जे होत नाही ते तेवढ्याने होते. जगातील एका बलाढ्य राष्ट्राच्या अध्यक्षांना १९४५ मध्ये जी गोळी कोणी देऊ शकले नाही, ती आज आपल्या गावच्या सरकारी दवाखान्यात मिळते. ती कपाटात ठेवून देऊ नका.